भांडण तर झालंच नाही

एप्रिलचा दुसरा आठवडा. सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलांच्या ऑफिसात बसून मी वाटणीपत्राचा मराठी मजकूर वाचून दाखवत होते. इंग्रजी कागदांचं मराठी करून देणं हे माझं काम, गेली 22 वर्षं तेच करते आहे. समोर काटोलकडचे एक शेतकरी बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, खांद्यावर पांढरा दुपट्टा, आणि त्या दुपट्ट्याचं टोक सारखं बोटाला गुंडाळायची सवय. दोन भावांची संत्र्याची बाग, एक विहीर, विहिरीवरची मोटर आणि पाण्याची पाळी, एवढ्याचं वाटप होतं. कागद साधा होता. तिसऱ्या परिच्छेदात ‘उभय पक्षकारांत बेबनाव निर्माण झाल्याने’ हे शब्द आले आणि त्यांनी हात वर केला. “थांबा जी बाई. बेबनाव म्हंजे भांडनच ना?” मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. मूळ इंग्रजीत डिस्कॉर्ड असा शब्द आहे. ते म्हणाले, “आमचं भांडन नाही झालं जी. येक दिवस नाही झालं. गावात कोनालेही इचारा.” वकीलसाहेबांनी समजावलं, “काका, कोर्टाच्या कागदात असंच लिहितात, मनावर नाही घ्यायचं.” त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. “मंग लिवलं कायले?” एवढंच पुटपुटले आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत बसले. सह्या पुढच्या मंगळवारी करायच्या ठरल्या.

ऑफिसातून निघाले तेव्हा अडीच वाजले होते. या दिवसांत अडीच वाजता नागपुरात रस्त्यावर फक्त नाइलाज झालेली माणसं असतात. तोंडाला स्कार्फ बांधून कस्तुरचंद पार्कच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेले, सीताबर्डीला गाडी बदलली, चितार ओळीला उतरले. एरवी हा वेळ पुढच्या कामाच्या विचारात जातो. त्या दिवशी डोक्यात एकच चाललं होतं. कागदात डिस्कॉर्ड दिसला की माझी बोटं आपोआप बेबनाव टाइप करतात. शंभर वेळा तरी केलं असेल, आणि त्या शंभरांतल्या एकाही माणसानं मला अडवलं नव्हतं. या बाबांनी अडवलं. कामातली चूक दाखवली म्हणून लागलं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण कारण ते नव्हतं. त्यांचं ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, आमच्याच घरात.

आमच्याकडेही भांडण झालं नव्हतं.

रात्री जेवणं आटोपल्यावर शब्दकोश घेऊन बसले. या शब्दाचं मूळ मला माहीत आहे, असं मी धरून चालले होते. इंग्रजीत सुरांच्या मेळाला कॉर्ड म्हणतात, दोरीलाही कॉर्ड म्हणतात, तेव्हा डिस्कॉर्ड म्हणजे तार बिघडणं, सूर न जुळणं, असा माझा मनातल्या मनात लावलेला अर्थ. शाळेत असताना पेटी शिकले होते, म्हणून तो पटलाही होता. तो चुकीचा निघाला. डिस्कॉर्डमधला कॉर्ड तारेचा नाही आणि सुराचाही नाही. तो लॅटिनमधल्या ‘कोर्’चा आहे, आणि कोर् म्हणजे हृदय. ‘डिस्’ म्हणजे अलग. हृदयं एकमेकांपासून अलग होणं, ती दिस्कॉर्दिया. फ्रेंचमार्गे तेराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा मनात पडलेलं अंतर एवढाच त्याचा अर्थ होता. संगीतातला बेसूर हा अर्थ त्याला नंतर चिकटला, चौदाव्या शतकाच्या शेवटाकडे. आणि सुरांचा जो कॉर्ड, तो मुळात ‘अकॉर्ड’चा, म्हणजे मन मिळण्याचा, तुटून उरलेला तुकडा. पुढे लोकांना वाटलं की याचा संबंध वाद्याच्या तारेशीच असणार. आतड्यापासून केलेल्या तारेला ग्रीकमध्ये असाच ऐकू येणारा शब्द होता, म्हणून याच्या स्पेलिंगमध्येही एक एच येऊन बसला. शेकडो वर्षांपूर्वी इंग्रजांनी जी गफलत केली तीच मी महालातल्या माझ्या खोलीत बसून करत आले होते. शब्द हृदयाबद्दल बोलत होता आणि मला तार ऐकू येत होती.

एकदा हे ‘कोर्’ दिसलं की मग ते जिथे तिथे दिसायला लागतं. कॉन्कॉर्ड, अकॉर्ड, कॉर्डियल ही उघड भावंडं. करेज म्हणजे धैर्य, तेही त्याच घरचं. आपण हिय्या करतो तो ‘हिय्या’सुद्धा हृदयातूनच आलेला आहे, तेव्हा धीर हा तिकडे काय नि इकडे काय, काळजातच राहतो. मला सगळ्यात जास्त थांबवलं ते रेकॉर्डनं. हा शब्द मी दिवसातून वीस वेळा ऐकते. रेकॉर्डवर घ्या, रेकॉर्ड रूममधून आणा, हे रेकॉर्डला नाही. लाल फडक्यात बांधलेले बस्ते, जुन्या कागदांचा कोंदट वास, दोऱ्याच्या न सुटणाऱ्या गाठी, असं काहीतरी त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे येतं. त्याचा मूळ अर्थ पुन्हा हृदयाशी आणणं, म्हणजेच आठवणं. ती माणसं आठवण हृदयात ठेवायची, म्हणून इंग्रजीत पाठांतर हे हृदयानं होतं. आपल्याकडे तेच कंठस्थ होतं, मुखोद्गत होतं, तोंडपाठ होतं. आपली आठवण गळ्यात राहते. माझ्या काकांच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं होतं.

काकांना दीडशेच्या वर अभंग पाठ होते, समोर वही कधी नसायची. दर गुरुवारी संध्याकाळी घराच्या छपरीत सतरंजी पडायची. आई देवापुढे समई लावायची, बाबा पेटी घ्यायचे, शेजारचे दोघेतिघे टाळ घेऊन बसायचे आणि काका गायचे. काका बाबांहून सहा वर्षांनी धाकटे. गाताना ते डोळे मिटायचे आणि बाबा डोळे उघडे ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघायचे, कारण काका मनात आलं की सूर बदलायचे, तीन काळीवरून एकदम पांढरी पाच. बाबांची बोटं अर्ध्या ओळीत त्यांच्या मागे पोचायची. बोलून काही ठरलेलं नसायचं. बाबा एरवी फार शिस्तीचे. एका सरकारी ऑफिसात हिशेब तपासायचं काम, ती सवय घरातही. किराण्याची यादी असो, दुधाचं कार्ड असो, आमची गणिताची वही असो, नजरेखालून घातलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी पेन्सिलनं ‘ठीक’ लिहायचे. पण गुरुवारी काका नेतील तिकडे जायचे.

उन्हाळ्यात पेटी बिघडायची. इतवारीकडून एक म्हातारे कारागीर यायचे, पेटीचा पाठ उघडून पितळेचे सूर मोकळे करायचे. मी शेजारी बसून बघत असे. आमची पेटी दोन सुरांची, म्हणजे एक पट्टी दाबली की दोन पितळी जिभा एकदम बोलणार. ते एका जिभेखाली पातळ पातं सरकवायचे, ती जराशी उचलायची, आणि बारीक कानशीनं दोनच घासे मारायचे. टोकाला घासलं की सूर चढतो आणि बुडाशी घासलं की उतरतो, हे मला त्यांनी दहाव्या वर्षी शिकवलं. मग भाता हलवून कान लावायचे. दोन्ही जिभा जवळजवळ जुळलेल्या पण पूर्ण न जुळलेल्या असल्या की आवाज सरळ येत नाही, तो डोलतो. वूं, वूं, वूं. एक सूर सेकंदाला 240 कंपनांचा आणि दुसरा 243 चा असेल तर सेकंदाला 3 लाटा येतात, हे पुढे अकरावीच्या पुस्तकात वाचलं. ते कारागीर आकडे न मोजता लाटा मोजायचे. आणखी एक घासा, लाट लांबते. आणखी अर्धा, लाट झोपते, आणि दोन जिभांचा एकच आवाज होतो. मी विचारलं होतं की मग सा आणि प एकदम वाजवले तर असं का डोलत नाही? ते म्हणाले, “ते लांब लांब राहतात ना पोरी. हे दोघे एकाच घरात आहेत.”

हे त्यांनी गमतीनं म्हटलं असेल. पण भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही हेच सांगितलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. सप्तकाच्या 22 श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं. ज्या दोन स्वरांत 9 किंवा 13 श्रुतींचं अंतर आहे ते एकमेकांचे संवादी, म्हणजे जुळणारे. आणि विवादी कोण? ज्यांच्यात फक्त 2 श्रुतींचं अंतर आहे ते. रिषभ आणि गांधार, धैवत आणि निषाद. अगदी भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी.

माझं लग्न 1994 च्या मे महिन्यात झालं. घरात माझं अक्षर चांगलं, म्हणून पत्रिकेचा मजकूर मीच लिहून काढला. फुलस्केप कागदावर, रेघा मारून. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून निमंत्रकांच्या नावांपर्यंत. ताईची जुनी पत्रिका समोर ठेवून उतरवत होते. आजोबांचं नाव लिहिलं, बाबांचं लिहिलं, आत्यांचे यजमान, मामा, सगळे लिहिले. बाबांच्या नावाखालची एक ओळ सुटली. काकांचं नाव राहिलं. पत्रिका छापून आल्या, सगळ्यांनी मिळून त्यांना हळदकुंकवाची बोटं लावली, काकांनीही लावली. निम्म्या वाटून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. बाबा पुन्हा छापायला निघाले होते, काकांनीच अडवलं. म्हणाले, “राहू दे ना, घरचाच तर आहो मी. घरच्याचं नाव कायले लागते?” बाबांनी सगळ्यांना सांगितलं, “चूक माझ्याकडून झाली.” मी गप्प राहिले. लग्न चार दिवसांवर आलेलं, मेंदी लागलेली, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. काका लग्नात दारात उभे होते, अत्तर लावत होते, पंगतीत मठ्ठा वाढत होते. माझी पाठवणी झाली तेव्हा सगळ्यांत जास्त तेच रडले. पुढच्या गुरुवारी मात्र ते छपरीत आले नाहीत. घसा बसला आहे म्हणाले.

तो घसा पुन्हा उघडला नाही.

ग्रीकांच्या पुराणात एका लग्नाला कलहदेवतेला बोलावलं नव्हतं. तिनं मांडवात एक सोन्याचं सफरचंद टाकलं, ‘सर्वांत सुंदर असेल तिला’ असं लिहिलेलं, आणि त्यातून पुढे ट्रॉयचं युद्ध झालं. रोमन लोक त्या देवतेला दिस्कॉर्दियाच म्हणत. ही गोष्ट मी परवा पुन्हा वाचली तेव्हा मला देवी, सफरचंद, युद्ध यांतलं काहीच महत्त्वाचं वाटलं नाही. यादी कोणी केली होती आणि नाव कसं सुटलं, तेवढंच वाटत राहिलं. आपल्याकडे मानपानाच्या गोष्टी हसण्यावारी नेतात. पत्रिकेत नाव मागेपुढे झालं, आहेराची साडी परत आली, जेवायला बोलवायला कोणी आलं नाही, म्हणून रुसलेल्या माणसांचे किस्से रंगवून सांगतात. मला ते किस्से ऐकवत नाहीत. रुसलेला माणूस मान मागत नसतो. मी तुमच्या मनात आहे ना, एवढं एकदा त्याला बघून घ्यायचं असतं.

तीन वर्षांनी चुली वेगळ्या झाल्या. कोर्ट नाही, वकील नाही, मोठा आवाज नाही. गवंडी आला आणि छपरीच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. सतरंजी पडायची ती जागा बरोबर दोन्हीकडे निम्मी गेली. पण त्यानंतरचा एक प्रसंग सांगायला हवा, कारण त्याशिवाय हे खोटं वाटेल. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, तेव्हा थंडीचे दिवस होते. मला सांबारवडीचे, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचे, डोहाळे लागले होते. आईला दमा, तिच्यानं तळण होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणातून काकूंनी झाकलेलं ताट दिलं. सांबार निवडून, धुऊन, सावलीत सुकवून केलेल्या वड्या, सोबत ताक. काही बोलल्या नाहीत, ताट लगेच परत न्यायलाही थांबल्या नाहीत. डोहाळे हा शब्द दोहदावरून आला. सुश्रुतांनी गर्भवतीला दौहृदिनी म्हटलं आहे, दोन हृदयांची बाई, एक तिचं आणि एक पोटातल्याचं. आणि त्या लॅटिन ‘डिस्’ची मुळंही जाणकार ‘दोन’ या अर्थाच्या शब्दातच शोधतात. आपली दुही तर उघडच दोनवरून आलेली. दोन हृदयं एका ठिकाणी असली तर डोहाळे आणि दोन ठिकाणी गेली तर दुही. त्या वड्या मी भिंतीच्या या बाजूला बसून खाल्ल्या आणि भिंतीच्या त्या बाजूला काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता. तोंडाची चव आणि मनातली अपराधी भावना यांतलं काय जास्त होतं, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

आता दोन्ही घरांत कूलर आहेत. मार्च संपला की वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, पहिले चार दिवस घरभर ओल्या वाळ्याचा वास असतो. रात्री दोन्ही कूलर चालतात, भिंतीच्या अलीकडे आमचा, पलीकडे काकांचा. कंपनी वेगळी, पण आकार सारखा, मोटर सारखी, वेगात केसाएवढा फरक. रात्री बाराच्या पुढे गल्ली शांत झाली की तो डोल ऐकू येतो. वूं, वूं, वूं. मी अंधारात लाटा मोजत पडते.

शब्दाचं काम मात्र राहिलंच होतं. बेबनाव चालणार नव्हता. ‘त्यांचं बनत नाही’ यातला तो बनणं आहे, त्यात रोजची खटखट आहे, आणि त्या बाबांनी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं होतं की खटखट नव्हती. कलह, तंटा हे तर आणखीच मोठ्यानं बोलणारे. वितुष्ट म्हणजे नाराजी, पण त्यात थोडा दुष्टपणाचा वास येतो, तो शब्दात नसून आपल्या कानात असला तरी येतो. तेढ वाकडी. विसंवाद हल्ली वर्तमानपत्रांनी इतका वापरला आहे की त्याला काही अंगच उरलेलं नाही. अढी जवळचा वाटला. आंबेही अढीत घालतात, गवताखाली झाकून, न दिसता ते पिकत जातात. मनातली अढी तशीच वाढते. पण अढी एकाच्या मनात असते, आणि मला दोघांच्या मधलं काहीतरी हवं होतं. भाचा बाजूच्या खोलीत हेडफोन लावून मित्रांशी गप्पा मारत होता, डिस्कॉर्ड नावाच्याच ॲपवर. पुण्याचा एक, अमरावतीचा एक, सगळे मिळून खेळत होते, खिदळत होते. त्याला विचारलं, तुमच्या ॲपच्या नावाचा अर्थ माहीत आहे का रे? म्हणाला, “नाव आहे मावशी ते, त्याला काय अर्थ राहते?”

आणि मग मला बेदिली आठवला. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला शब्द. सरदारांत बेदिली माजली, फौजेत बेदिली पसरली. इतकी वर्षं तो मी नुसता वाचला होता, उघडून पाहिला नव्हता. बे आणि दिल. फारसी ‘बे’ म्हणजे विना. दिल तर कोणालाही ठाऊक. आणि हा फारसी दिल आणि आपलं संस्कृत हृद् ही एकाच मुळाची दोन रोपं आहेत. लॅटिन कोर् आणि इंग्रजी हार्ट हीसुद्धा त्याच कुळातली. श्रद्धा या शब्दातला ‘श्रद्’ त्या कोर्चाच सख्खा. श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणं. बँकेत ज्याला क्रेडिट म्हणतात तो शब्दही याच जोडणीचा. म्हणजे इंग्रजांचा डिस्कॉर्ड आणि आपली बेदिली हे अर्थानं जुळे भाऊच म्हणायचे. एकात हृदयं अलग झाली, दुसऱ्यात हृदय निघून गेलं. कोण काय बोललं, कोणी कोणावर हात उचलला, याबद्दल दोघांनाही काही सांगायचं नाही. बाग तीच, विहीर तीच, पाळी तीच. त्यातून दिल तेवढं उठून गेलं. रात्री पावणेएक वाजता मी फाइल उघडली आणि बेबनाव खोडून बेदिली टाइप केलं.

मधल्या रविवारी उमरेडला एका लग्नाला जायचं होतं. वाटेत पाचगाव लागतं. या गावाजवळ 1775 साली नागपूरकर भोसल्यांचे दोन सावत्र भाऊ, मुधोजी आणि साबाजी, फौजा घेऊन समोरासमोर आले. वडील भाऊ जानोजी पुत्राविना गेलेले, दत्तक घेतलेला मुलगा मुधोजींचा, कारभार कोणी पाहायचा यावरून तीन वर्षं चाललेलं. मुधोजींच्या गोळीनं साबाजी पडले. आपल्या शहराच्या इतिहासात हे दोन ओळींत येतं. मी एसटीच्या खिडकीतून बघत होते, दगडाच्या खाणी, बाभळी, एका ढाब्याबाहेर वाळत घातलेल्या चादरी. इतिहासाला गोळीची तारीख माहीत असते. त्याआधी कधीतरी, एखाद्या साध्या दिवशी, एका भावानं दुसऱ्याला जेवायला हाक मारली नसेल. त्या दिवसाची नोंद कुठल्याही बस्त्यात सापडायची नाही.

मंगळवारी काटोलचे बाबा वेळेआधीच येऊन बसले होते. या वेळी त्यांचा भाऊही होता, दुसऱ्या खुर्चीवर, मधे एक खुर्ची रिकामी. वकीलसाहेब शब्दावर जरा अडले, कोर्टाला हा शब्द चालेल का म्हणाले. मी म्हटलं, मराठीच आहे, कोशात आहे, आणि मूळ इंग्रजी शब्दाला यापेक्षा जवळचा मला सापडला नाही. मग मी वाचलं, ‘उभय बंधूंत बेदिली निर्माण झाल्याने’. बाबांनी दुपट्ट्याचं टोक बोटावरून सोडवलं. “बेदिली,” ते म्हणाले, हळूच, जणू तोंडात ठेवून बघत होते. “हव जी. हे बराबर हाये.” भाऊ खाली बघत होता. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या धाकट्यानंच, वर न बघता म्हटलं, “पान्याची पाळी कधी नाही चुकवली मी. रात्री बारा वाजता पाळी संपली का मोटर बंद करून येत होतो.” बाबा म्हणाले, “नाहीच चुकवली. मी कवा म्हनलं? बंद करून बिनबोलता जात होता, येवढंच.” सह्या झाल्या. दोघंही एकामागून एक जिना उतरले. एकत्र उतरले असं मला लिहावंसं वाटतं, पण तसं झालं नाही. मधे दोन-तीन पायऱ्यांचं अंतर होतं.

संध्याकाळी घरी आले आणि आमच्या दाराऐवजी शेजारचं दार वाजवलं. काका आता 84 चे आहेत. काकू गेल्याला चार वर्षं झाली, मुलगा हैदराबादला. बाबा 2013 मध्ये गेले तेव्हा गंगाबाई घाटावर माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून काकाच उभे होते, तेरावा होईस्तोवर सगळं त्यांनीच पाहिलं. येणंजाणं आहे, सणाला ताटं जातात, औषधं मी आणून देते. बोलणं कधी थांबलेलं नाही. ते कूलरसमोर बनियनवर बसले होते, रेडिओ मांडीवर. “ये गं. इतक्या उन्हाची कुठून येऊन राहिली?” मी पाणी प्यायले. शब्दाची गोष्ट सांगितली, त्या दोन भावांची सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली. आणि मग तीस वर्षं जे बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, “काका, माझ्या पत्रिकेचा मजकूर मी लिहिला होता. तुमचं नाव माझ्याकडून राहिलं. बाबांनी चूक आपल्यावर घेतली, पण ती माझी होती.”

काकांनी रेडिओ बंद केला. “माहीत आहे मला,” ते म्हणाले. “प्रेसमधून गठ्ठा मीच तर आणला होता सायकलवर. वरती तुझा फुलस्केप टाचला होता. अक्षर ओळखत नाही का मी तुझं?”

माझ्या तोंडून शब्द निघेना. हे माहीत असून त्यांनी त्या पत्रिकांना कुंकू लावलं होतं.

“तू पोरगी होती. लग्नाच्या गडबडीत राहते एखादं नाव. त्याचं काय एवढं?” त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या कडेला पुसला, पुन्हा लावला नाही, हातातच धरून बसले. “खाली पेन्सिलनं ‘ठीक’ लिहिलेलं होतं.”

कूलरची टाकी रिकामी होत आली होती, पंप घरघरायला लागला. मी उठून मोरीतली बादली भरून घेतली आणि हळूहळू पाणी ओतलं, सांडू नये म्हणून कडेकडेनं. घरघर थांबली. भिंतीपलीकडे आमचा कूलर चालूच होता.